लाइव्ह व्ह्यूमध्ये फोटो काढताना: फ्रेम, फोकस आणि उजेड आधीच तपासण्याची पद्धत

डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्याचं लाइव्ह व्ह्यूचं बटण दाबलं की आतून ‘खट्’ असा आवाज येतो. एरवी लेन्समधून येणारा प्रकाश व्ह्यूफाइंडरकडे वळवणारा आरसा वर उचलला जातो, शटरचा पडदा उघडतो आणि प्रकाश थेट सेन्सरवर पडू लागतो. सेन्सरवर पडलेलं चित्र मागच्या स्क्रीनवर हलतं-फिरतं दिसायला लागतं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलात तर आता तिथे अंधार असतो.

ज्या सेन्सरवर फोटो उमटणार आहे, तोच सेन्सर फोटोच्या आधी आपल्याला चित्र दाखवतो, यातच या सोयीचं सगळं मोल आहे. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र आरसा, फोकसिंग स्क्रीन आणि प्रिझम अशा वेगळ्या वाटेने डोळ्यापर्यंत येतं. त्या वाटेत थोडा फरक पडू शकतो आणि फोटोचा उजेड किंवा व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंगांचा सूर जुळवणं) तर तिथे दिसतच नाही. स्क्रीनवर या गोष्टी तपासता येतात. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर असेल आणि विषय स्थिर असेल, तर मी लाइव्ह व्ह्यूच वापरावा असं ठामपणे सांगेन. सावकाश काम करायचं असेल तेव्हा याच्यासारखं दुसरं साधन नाही.

अदलाबदलीच्या लेन्सच्या डीएसएलआरमध्ये ही सोय २००६ मध्ये ऑलिंपसच्या ई-३३० मधून आली. २००७ मध्ये कॅनन ४०डी आणि निकॉन डी३०० आले आणि ती सर्वांच्या परिचयाची झाली. डी३०० मध्ये लाइव्ह व्ह्यूचे दोन प्रकार होते आणि त्यातल्या एकाचं नावच ‘ट्रायपॉड’ होतं. हे साधन कशासाठी आहे, हे बनवणाऱ्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसतो, त्यामुळे तिथे सदासर्वकाळ लाइव्ह व्ह्यूच चालू असतो, स्क्रीनवर पाहा की इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये. पुढचं बहुतेक सगळं त्या कॅमेऱ्यांनाही लागू आहे. आरशाशी निगडित मुद्दे तेवढे सोडून द्या.

कधी वापरू नये

उडणारे पक्षी, मैदानावरचे खेळाडू, धावती मुलं यांच्यासाठी डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडरच बरा. जुन्या पद्धतीच्या लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस सापडायला वेळ लागतो. शटर दाबल्यावरही पडदा आधी बंद होतो, मग फोटोसाठी पुन्हा उघडतो आणि तेवढ्यात क्षण निसटतो. स्क्रीनवरचं चित्रही प्रत्यक्षाच्या किंचित मागे असतं. २०१३ च्या कॅनन ७०डी पासून आलेल्या ड्युअल पिक्सेल फोकसमुळे ही अडचण बरीच कमी झाली. निकॉनच्या डी७८० मध्येही २०२० साली सेन्सरवरच फेज डिटेक्शन, म्हणजे फोकस झटपट शोधण्याची पद्धत, आलं. तुमचा कॅमेरा या पिढीतला असेल तर स्क्रीनवरूनही चालत्या माणसाचा फोटो सहज निघेल. त्याआधीचा असेल तर वेगवान विषयांसाठी डोळा व्ह्यूफाइंडरलाच लावा.

लख्ख उन्हात स्क्रीन दिसत नाही, हीसुद्धा खरी अडचण आहे. स्क्रीनवर टेकवायचं, डोळ्याला लावायचं भिंग मिळतं. त्याच्या सभोवती काळी भिंत असते, त्यामुळे उजेड अडतो आणि चित्र मोठंही दिसतं. भर दुपारी नेहमी काम करणाऱ्याने ते जरूर घ्यावं. ते नसेल तर डोक्यावरून काळं कापड घ्या. मोठ्या प्लेट कॅमेऱ्यांवर काम करणारे छायाचित्रकार पूर्वी हेच करत आणि ते आजही तितकंच उपयोगी आहे.

बाहेर पडण्यापूर्वी एकदाच करायच्या सेटिंग्ज

कॅननच्या अनेक मॉडेलांत व्ह्यूफाइंडरशेजारी ‘स्टार्ट/स्टॉप’ बटण असतं आणि त्याभोवतीच्या खटक्याने फोटो की व्हिडिओ हे निवडायचं असतं. निकॉनमध्ये ‘एलव्ही’ लिहिलेलं बटण आणि तसाच खटका असतो. काही साध्या मॉडेलांत मेन्यूमध्ये जाऊन लाइव्ह व्ह्यू आधी सुरू करून ठेवावं लागतं. बटण दाबूनही काही होत नसेल तर प्रथम तिथे पाहा. खटका व्हिडिओवर राहिला असेल तर स्क्रीनवर १६:९ ची आडवी चौकट दिसते आणि फोटोची मांडणी चुकते, म्हणून तोही तपासा.

यानंतरचं महत्त्वाचं सेटिंग म्हणजे एक्सपोजर सिम्युलेशन. ते चालू असेल तर तुम्ही निवडलेल्या शटर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि आयएसओला (सेन्सरची संवेदनशीलता) फोटो जितका उजळ किंवा काळा येईल, तितकाच स्क्रीनवर दिसतो. बंद असेल तर कॅमेरा काहीही करून स्क्रीन पाहण्याजोगी उजळ ठेवतो आणि तुमची समजूत चुकते. कॅननच्या मेन्यूत हे ‘एक्सपोजर सिम्युलेशन’ म्हणून सापडतं. निकॉनच्या काही मॉडेलांत लाइव्ह व्ह्यूमध्ये असताना ओके बटण दाबून हे पूर्वदर्शन चालू-बंद करता येतं. नैसर्गिक उजेडात काम करताना ते कायम चालू ठेवा. उजेड फार कमी किंवा फार जास्त असेल तर कॅमेऱ्याला ते नीट जमत नाही. कॅननवर तेव्हा ते चिन्ह लुकलुकतं आणि ‘स्क्रीनवरच्या उजेडावर विसंबू नका’ असा त्याचा अर्थ असतो.

स्क्रीनची ब्राइटनेस आपोआप बदलणारी असेल तर ती हाताने एका जागी ठरवून ठेवा. अंधारात भडक स्क्रीन पाहून फोटो उजळ वाटतो आणि घरी गेल्यावर तो काळवंडलेला निघतो. उन्हात याच्या उलट होतं. ग्रिड चालू करा, इलेक्ट्रॉनिक लेव्हल असेल तर तीही. हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्या ते उजळ भागांचा आलेख) कोणतं बटण किती वेळा दाबल्यावर येतो ते हाताच्या सवयीचं करून घ्या. टच स्क्रीन असेल तर स्पर्शाने फोकस होणं ठेवा, पण स्पर्शाने शटर उडणं बंद करा. ट्रायपॉडवर बोट लागून कॅमेरा हलला की फोटो वाया जातो.

रॉ फाइलमध्ये (सेन्सरवरच्या कच्च्या माहितीच्या फाइलमध्ये) फोटो काढत असाल तर ध्यानात ठेवा की स्क्रीनवरचं चित्र आणि हिस्टोग्राम दोन्ही कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेगवर आधारलेले असतात. पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्याने ठरवलेली रंग-कॉन्ट्रास्टची शैली) भडक असेल तर हिस्टोग्राम उजवीकडे फुटलेला दिसतो, प्रत्यक्ष रॉ फाइलमध्ये मात्र तिथला तपशील शाबूत असू शकतो. म्हणून न्यूट्रल किंवा फेथफुल अशी सौम्य शैली निवडावी. चित्र थोडं फिकं दिसेल, पण माहिती खरी मिळेल.

फ्रेम: आधी कडा पाहा

कॅमेरा ट्रायपॉडवर चढवण्यापूर्वी तो हातात घेऊन, लाइव्ह व्ह्यू चालू ठेवून जागा शोधा. खाली वाका, दोन पावलं डावीकडे जा, वर धरून पाहा. जागा ठरली की मग ट्रायपॉड तिथे न्या. आधी ट्रायपॉड रोवला की माणूस तिथेच अडकतो आणि डोळ्याच्या उंचीवरून तेच ते फोटो काढत राहतो. फिरणारी स्क्रीन असेल तर जमिनीलगतचे आणि डोक्यावरचे कोनही सहज तपासता येतात. त्यासाठी मान मोडायची गरज उरत नाही.

ट्रायपॉडवर आल्यावर चित्राच्या मध्याकडे पाहणं थांबवा आणि चारही कडांवरून नजर फिरवा. डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू करा आणि पूर्ण फेरी मारून तिथेच परत या. अर्धवट घुसलेली फांदी, तारेचा तुकडा, कोणाच्या तरी पिशवीचा कोपरा, स्वतःच्या ट्रायपॉडची सावली हे सगळं इथेच सापडतं. साध्या डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर फ्रेमचा साधारण ९५ टक्के भाग दाखवतो. कडेचं जे त्यात दिसत नाही ते फोटोत येतं. लाइव्ह व्ह्यू जवळजवळ पूर्ण फ्रेम दाखवतो. इमारती, कागदपत्रं, चित्रं यांचे फोटो काढताना याचा फार फायदा होतो.

स्क्रीनवर पाहण्याचा आणखी एक गुण आहे. व्ह्यूफाइंडरमधून आपण देखावा पाहतो. स्क्रीनवर मात्र तो आधीच सपाट, चौकटीतल्या चित्रासारखा दिसतो. माणसाच्या डोक्यातून उगवलेला खांब, पार्श्वभूमीत मिसळून गेलेला काळा कोट, एका बाजूला झुकलेलं वजन हे अशा सपाट चित्रात लवकर खटकतं. मांडणी ठरली की अर्धा मिनिट स्क्रीनपासून एक हात मागे सरून पाहा. दुरून आकार बोलतात, तपशील गप्प बसतात.

क्षितिज किंवा उभी भिंत ग्रिडच्या रेषेला लावून घ्या. इमारतीच्या भिंती वर जाताना आत झुकत असतील तर कॅमेरा वर कललेला आहे. तो सरळ करा आणि गरज असेल तर मागे जा. पुढे संगणकावर हे सुधारता येतं, पण त्यात कडा कापल्या जातात.

उजेड आणि रंग

एक्सपोजर सिम्युलेशन चालू असताना मॅन्युअल मोडमध्ये चाक फिरवलं की स्क्रीन उजळते किंवा काळवंडते. नवशिक्याला अ‍ॅपर्चर-शटर-आयएसओ यांचं नातं समजावून घ्यायला याहून चांगली शाळा नाही, असं माझं मत आहे. तरी शेवटचा निर्णय हिस्टोग्राम पाहून घ्यावा. आपला डोळा भोवतालच्या उजेडाशी जुळवून घेतो, आलेख तसं करत नाही. आलेख उजव्या भिंतीला चिकटून उंच उभा राहिला असेल तर उजळ भागातला तपशील जळतो आहे. दिव्याचा गोळा किंवा पाण्यावरची चमक जळली तरी चालेल, पण ढग किंवा पांढरा कपडा जळू देऊ नये.

तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम दिसत असेल तर तोच वापरा. लाल फुलाचा फोटो काढताना एकत्रित आलेख ठीक दिसतो आणि लाल रंगाचा मात्र भिंतीला आपटलेला असतो. मग पाकळ्यांच्या रेषा पुसल्या जातात आणि फुलाऐवजी लाल ठिपका उरतो. अशा वेळी एक्सपोजर थोडं कमी करा.

व्हाइट बॅलन्सही इथेच ठरवावा. सूर्यप्रकाश, ढगाळ, सावली, बल्ब अशी एकेक सेटिंग लावून पाहिली की चित्राचा सूर कसा बदलतो ते लगेच कळतं. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला असेल तर तो हळूहळू फिरवा. पानांवरची चकाकी कुठे मावळते आणि आकाश कुठे गडद होतं ते थेट दिसतं. पूर्ण परिणाम नेहमीच चांगला दिसतो असं नाही. वाइड लेन्सवर आकाशाचा एकच पट्टा गडद होतो आणि तो विचित्र दिसतो. तेव्हा फिल्टर थोडा मागे फिरवा.

फोकस: इथे वेळ घालवा

तीन इंची, १०.४ लाख डॉटची स्क्रीन पुष्कळ कॅमेऱ्यांवर असते. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट लागतात, म्हणजे प्रत्यक्षात ती ७२० बाय ४८० पिक्सेलची झाली. तुमचा फोटो २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे सुमारे ६००० बाय ४००० चा असेल, तर स्क्रीनवरचा एक ठिपका फोटोतल्या जवळजवळ ७० ठिपक्यांच्या बदल्यात उभा असतो. इतक्या आकसलेल्या चित्रात सगळंच स्पष्ट दिसतं. फोकस हुकलेला फोटोसुद्धा. त्यामुळे मोठं करून न पाहता फोकस ‘बरोबर दिसतोय’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

व्ह्यूफाइंडरने काढताना फोकसचं मोजमाप आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवर होतं. तो आणि मुख्य सेन्सर यांच्यातलं अंतर किंवा लेन्सचं जुळणं किंचित बिघडलं तर फोकस सातत्याने पुढे किंवा मागे पडतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये मुख्य सेन्सरच फोकस ठरवतो, त्यामुळे हा दोष उरत नाही. जुन्या कॅमेऱ्यांत यासाठी कॉन्ट्रास्ट डिटेक्शन वापरतात: लेन्स पुढे-मागे करत जिथे उजेड-अंधाराच्या कडा सर्वांत तीव्र होतात तिथे थांबतात. हे सावकाश चालतं, पण अचूक असतं. कोरी भिंत किंवा धुकट आकाश यांच्यावर मात्र ते सैरभैर होतं. तेव्हा फोकसची चौकट एखाद्या ठळक कडेवर न्यावी.

माझी पद्धत अशी आहे:

१. फोकसची चौकट विषयाच्या सर्वांत महत्त्वाच्या जागी न्या. व्यक्तिचित्रात ही जागा म्हणजे कॅमेऱ्याजवळचा डोळा. कॅमेरा हलवू नका, चौकट हलवा.

२. ऑटोफोकस करू द्या.

३. भिंगाच्या चिन्हाचं बटण दाबून तीच जागा मोठी करा. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ५ पट आणि १० पट अशा पायऱ्या असतात. १० पटीला जा.

४. लेन्सवरचा खटका मॅन्युअलवर न्या आणि फोकसची कडी अगदी थोडी फिरवा. चित्र स्पष्ट होत जाईल, मग पुन्हा पुसट होऊ लागेल. पुसट होईपर्यंत जा आणि मग मागे या. सर्वांत स्पष्ट जागा ओलांडल्याशिवाय ती कुठे होती ते कळत नाही.

५. खटका मॅन्युअलवरच राहू द्या, नाहीतर शटर अर्धं दाबताच कॅमेरा पुन्हा स्वतःच्या मनाने फोकस शोधायला निघेल.

६. चौकट फ्रेमच्या कोपऱ्यांकडे नेऊन तिथेही १० पटीने पाहा. मग पूर्ण चित्रावर परत या.

१० पटीला चित्र थरथरताना दिसत असेल तर ट्रायपॉड डगमगतो आहे. मधला दांडा खाली घ्या, पाय नीट रोवा, गळ्यातला पट्टा वाऱ्याने हलत असेल तर तो गुंडाळून ठेवा. ट्रायपॉडची परीक्षा घ्यायला याहून सोपा मार्ग नाही. लेन्सचं इमेज स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद ठेवलेलं बरं, कारण काही लेन्सा कॅमेरा स्थिर असताना स्वतःच हलत राहतात.

अ‍ॅपर्चरचा एक मुद्दा इथे समजून घ्यायला हवा. कॅननचे डीएसएलआर लाइव्ह व्ह्यूमध्ये साधारणपणे लेन्स पूर्ण उघडी ठेवूनच चित्र दाखवतात. एफ/११ असं लहान छिद्र लावलं तरी पार्श्वभूमी पुसट दिसते आणि फोटोत ती स्पष्ट येते. खरं चित्र पाहायचं असेल तर डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं (लेन्स निवडलेल्या छिद्रापर्यंत आकसून दाखवणारं) बटण दाबून धरा. निकॉनचे अनेक कॅमेरे लेन्स निवडलेल्या अ‍ॅपर्चरपर्यंत आकसून चित्र दाखवतात. पण त्यांच्या काही मॉडेलांत लाइव्ह व्ह्यू चालू असताना अ‍ॅपर्चर बदललं तर तो बदल चित्रात दिसत नाही. लाइव्ह व्ह्यू बंद करून पुन्हा चालू केल्यावर तो लागू होतो. तुमचा कॅमेरा कोणत्या पद्धतीचा आहे ते घरीच पाहून ठेवा. एफ/१.४ सारख्या उघड्या काही लेन्सांमध्ये अ‍ॅपर्चर आकसल्यावर फोकसची जागाच थोडी सरकते, म्हणून त्या लेन्सांवर प्रिव्ह्यूचं बटण दाबून ठेवून, १० पटीत पाहतच फोकस करावा.

फोकस पीकिंग असेल तर स्पष्ट कडांवर रंगीत रेषा उमटतात. झटपट अंदाजासाठी ते उत्तम आहे, पण शेवटचा फोकस त्याच्या भरवशावर सोडू नये. पीकिंग आकसलेल्या चित्रावरून ठरत असेल तर त्याचाही अंदाज ढोबळच असतो.

शटर

लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा आधीच वर असतो, त्यामुळे त्याच्या आपटण्याचा धक्का बसण्याची शक्यता बरीच घटते. काही मॉडेलांत मात्र शटर दाबल्यावर आरसा एकदा खाली येऊन वर जातो. आवाजावरून ते ओळखता येतं. साधारण १/३० सेकंद ते १ सेकंद या टप्प्यात असे धक्के फोटोत सर्वांत जास्त उमटतात. कॅननच्या मेन्यूतला लाइव्ह व्ह्यूचा सायलेंट मोड १ लावला तर एक्सपोजरची सुरुवात पडदा हलवून न होता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते आणि धक्का आणखी कमी होतो. मात्र मॅक्रोसाठी (अगदी जवळून फोटो काढण्यासाठी) कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब लावली असेल किंवा दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश असेल तर हा मोड बंद ठेवा. ट्यूबवर उजेड असमान पडू शकतो आणि तो फ्लॅश उडतच नाही.

शटर बोटाने दाबू नका. रिमोट, केबल किंवा २ सेकंदांचा टायमर वापरा. लांब लेन्स असेल तर १० सेकंद थांबा. व्ह्यूफाइंडर झाकायची गरज लाइव्ह व्ह्यूमध्ये नसते. आरसा वर असल्याने मागून येणारा उजेड अडतो, आणि एक्सपोजरचं मोजमापही मुख्य सेन्सरवरच होतं.

चार विशेष प्रसंग

रात्रीचं आकाश. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका. बहुतेक ऑटोफोकस लेन्सा अनंताच्याही पुढे फिरतात. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, आयएसओ ३२०० किंवा त्याहून वर न्या, शटर ३० सेकंदांवर ठेवा, म्हणजे सिम्युलेशनमुळे स्क्रीन शक्य तितकी उजळेल. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा किंवा ग्रह फ्रेमच्या मध्याजवळ आणा, १० पटीने मोठा करा आणि कडी फिरवत त्याचा ठिपका लहानात लहान करा. मग कडी चिकटपट्टीने बांधा. तारा दिसतच नसेल तर दूरवरचा रस्त्यावरचा दिवा चालतो. लेन्स बदलली, झूम फिरवला किंवा हवा एकदम गार झाली तर फोकस पुन्हा तपासा.

मॅक्रो. विषय सेन्सरवर प्रत्यक्षाइतकाच मोठा उमटत असेल, म्हणजे १:१, तेव्हा मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/८ ला जेमतेम १ मिलिमीटर खोली स्पष्ट येते. इथे कडी फिरवण्यापेक्षा कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायच्या छोट्या रुळावर पुढे-मागे सरकवणं सोपं जातं. १० पटीला चित्र पाहत, श्वास रोखून, एकेक बारीक टप्पा सरकवा. अनेक फोटो काढून ते संगणकावर एकत्र करायचे असतील तर पहिला फोटो विषयाच्या सर्वांत जवळच्या टोकापासून सुरू करा आणि शेवटचा मागच्या टोकाच्या थोडा पलीकडे घ्या. वारा असेल तर बाहेर मॅक्रोचा नाद सोडलेला बरा.

गडद एनडी फिल्टर. १० स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) फिल्टर प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो. आधी फिल्टरशिवाय फ्रेम आणि फोकस ठरवा, फोकस मॅन्युअलवर न्या, योग्य एक्सपोजर लिहून घ्या आणि मग कडीला धक्का न लावता फिल्टर चढवा. फिल्टरशिवाय १/३० सेकंद लागत असेल तर फिल्टरसह साधारण अर्धा मिनिट लागेल. अनेक कॅमेरे फिल्टर लावल्यावरही स्क्रीनवर पुरेसं चित्र दाखवतात, तेव्हा व्ह्यूफाइंडरमध्ये काळोखाखेरीज काही दिसत नाही.

स्टुडिओ फ्लॅश. इथे एक्सपोजर सिम्युलेशन बंद करायचं. १/१२५, एफ/८, आयएसओ १०० अशा सेटिंगला खोलीतला साधा उजेड नगण्य असतो, त्यामुळे सिम्युलेशन चालू असेल तर स्क्रीन काळी दिसते. फ्लॅशचा उजेड लाइव्ह व्ह्यूला आधी कळत नाही. एक फोटो काढून त्याचाच हिस्टोग्राम पाहावा लागतो.

हातात धरून काढायचं असेल तर

हात लांब करून स्क्रीन पाहणं ही सर्वांत डळमळीत पद्धत आहे. कोपर बरगड्यांना टेकवा, डावा तळवा लेन्सखाली ठेवा. कॅमेऱ्याचा पट्टा मानेमागे ठेवून कॅमेरा हळूच पुढे ढकला, म्हणजे पट्टा ताणला जाऊन तिसरा आधार मिळतो. शटरचा वेग लेन्सच्या फोकल लेंग्थपेक्षा जास्त ठेवावा असा जुना ठोकताळा आहे: ५० मिलिमीटरला १/५० किंवा त्याहून जलद. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सर असेल तर तो आकडा १.५ किंवा १.६ ने गुणा आणि स्क्रीनवर पाहून काढताना त्याच्याही दुप्पट वेग ठेवा. हातात धरून चित्र मोठं करून पाहायचं असेल तेव्हा स्टॅबिलायझेशन चालू ठेवा, नाहीतर दिसणारा भाग सारखा पळत राहतो.

जवळचं वाचायला चष्मा लागत असेल तर तो सोबत घ्या. व्ह्यूफाइंडरला डायॉप्टरची (डोळ्याच्या नंबराशी जुळवण्याची) सोय असते, स्क्रीनला नसते. पुष्कळांना फोकस जमत नाही तो याच साध्या कारणाने.

बॅटरी, उष्णता आणि सूर्य

सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू राहिल्याने बॅटरी झपाट्याने उतरते. कॅनन ५डी मार्क ४ चं उदाहरण पाहा: साधारण तापमानात व्ह्यूफाइंडरने सुमारे ९०० फोटो, लाइव्ह व्ह्यूने सुमारे ३००. म्हणजे एक तृतीयांश. थंडीत ही संख्या आणखी घटते. जास्तीची बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. पाहणं झालं की लाइव्ह व्ह्यू लगेच बंद करण्याची सवय लावा.

सेन्सर तापला की फोटोत दाणेदारपणा वाढतो, विशेषतः जास्त आयएसओ आणि लांब एक्सपोजरला. स्क्रीनवर तापमापीसारखं चिन्ह आलं तर कॅमेरा थोडा वेळ बंद ठेवा. ताऱ्यांचे लांब एक्सपोजर घेण्यापूर्वी फोकस झाल्यावर काही मिनिटं लाइव्ह व्ह्यू बंद ठेवला तर फोटो स्वच्छ येतात.

सूर्याबाबत मात्र कडक राहा. लाइव्ह व्ह्यू चालू असताना, विशेषतः लांब लेन्सने, माथ्यावरच्या सूर्यावर कॅमेरा रोखून ठेवू नका. लेन्स तो सगळा प्रकाश सेन्सरवर एका बिंदूत गोळा करते आणि सेन्सर किंवा शटरचा पडदा कायमचा खराब होऊ शकतो. ग्रहणासाठी लेन्सच्या पुढे लावायचा खास सौर फिल्टर हवा. आणि तो फिल्टर लावलेला असला तरच सूर्याकडे रोखलेल्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावावा, कारण तिथे पणाला लागतो तो स्वतःचा डोळा.

अडचण आली तर

स्क्रीनवर आडवे पट्टे सरकताना दिसत असतील तर दिव्यांच्या लुकलुकण्याचा तो परिणाम आहे. ५० हर्ट्झची वीज असेल तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, तेव्हा मेन्यूमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ लावा आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झच्या जागी १/६० किंवा १/१२५ ठेवा. फोटो पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक शटरने काढत असाल तर हे पट्टे फोटोतही उतरतात. त्यापेक्षा यांत्रिक शटर निवडा.

अंधारात स्क्रीनवरचं चित्र दाणेदार आणि अडखळत चाललेलं दिसतं. कॅमेरा बिघडलेला नसतो. कमी उजेडात तो दर सेकंदाला कमी चित्रं दाखवतो. फोकस होत नसेल तर विषयावर टॉर्च पाडा, फोकस करा, मॅन्युअलवर न्या आणि टॉर्च बंद करा.

स्क्रीनवर दिसला तसा फोटो आला नाही, तर या क्रमाने तपासा: सिम्युलेशन चालू होतं का, ऑटो आयएसओने मध्येच आकडा बदलला का, फ्लॅश वर उघडलेला होता का, आणि डायनॅमिक रेंज सुधारणारी एखादी स्वयंचलित सोय चालू आहे का. कॅननमध्ये ती ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर नावाने असते, निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग नावाने. रॉमध्ये काम करताना या दोन्ही मी बंदच ठेवते.

फोटो काढून झाल्यावर तो प्लेबॅकमध्ये १०० टक्के मोठा करून, ज्या जागी फोकस केला होता तीच जागा पाहा. लेन्स बदलायची असेल तर त्याआधी लाइव्ह व्ह्यू आणि कॅमेरा दोन्ही बंद करा. तसं केलं की शटरचा पडदा मिटतो, आरसा खाली येतो आणि उघड्या सेन्सरवर धूळ बसत नाही.